डोंगराएवढी मंगळी

शालू, हे तुझं खरं नाव नाही. खरं नाव लिहायची माझी छाती होत नाही. मंगळीचंही नाव बदललंय, आणि माझं तर कुठेच घातलेलं नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मेलेल्या मानसाला टोपणनाव देनारी तूच पयली गो मास्तरणी." म्हण खुशाल. तुला जाऊन अठरा दिवस झाले. या अठरा दिवसांत मी रडले त्याहून जास्त घाबरले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही.

पेपरात तुझ्यावर चार ओळी आल्या, त्या मीच लिहून दिल्या होत्या. कापडे गावची लेक, बोर्ड रंगवणाऱ्या वडिलांची कला पुढे नेली, पोलादपूर-महाडच्या कितीतरी शाळांच्या भिंती रंगवल्या, परदेशी पुस्तकांसाठीही चित्रं काढली. पुस्तकं कसली, ते लिहिलं नाही. तुझ्या यजमानांनी, भावोजींनी, ते कात्रण तुझ्या फोटोखाली चिकटवलंय. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात, "फॉरेनला काम होतं तिचं." मी मान खाली घालून चहा पिते.

तेराव्याची जेवणं उरकली आणि भावोजी कापडी पिशवीतून तुझा टॅब घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "ताई, लॉक हाय. तुम्हालाच माहीत असणार. आतली चित्रं काढून द्या. मी मुंबईला दोन दुकानात दाखवला. बोलले, फॉर्मेट मारावा लागेल, सगळा डाटा जाईल. मी बोललो, नको, तिची आठवण हाय ती." वर्षश्राद्धाला कॅलेंडर छापायचंय म्हणाले. नाहीतर तुमच्या शाळेत प्रदर्शन लावू, नाव होईल तिचं. दोन दुकानात दाखवला, हे ऐकल्यावर पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. हातातलं ताट मी खाली ठेवलं. भावोजींना वाटलं मला रडू आवरत नाहीये. ते बिचारे माझ्यासाठी पाणी आणायला धावले.

तू वचन घेतलं होतंस माझ्याकडून. तुझ्या पोलादपूरच्या खोलीत, दुपारची, भाकरी थापता थापता. "मी आधी गेले तर आतलं सगळं पुसून टाक." मी म्हटलं, आणि मी आधी गेले तर? "मग काय, मी एकटीच करीन तुझ्या वाटची भीती." हसलीस. तुला भीती कधी वाटली नाही, शालू. आपल्या दोघींचा भीतीचा कोटा एकट्या माझ्याकडे होता. तू चित्रं काढायचीस आणि घाबरायचं काम मी करायचे.

सुरुवात आठवते ना? सगळं बंद होतं त्या वर्षी. दुकानंच उघडत नव्हती तर बोर्ड कोण रंगवून घेणार? तू ऑनलाइन चित्रं विकायला ठेवलीस आणि पहिलं पत्र आलं ते इंग्रजीत. ते मला पाठवून खाली लिहिलंस, "हा काय बोलतोय बघ गो." मी तीनदा वाचलं. वीस वर्षं इंग्रजी शिकवतेय, तरी वाटलं आपल्याला कळत नाहीये. कुठल्यातरी थंड देशातल्या एका प्रौढ माणसाला चित्रकथा हवी होती, मोठ्या माणसांनी दार लावून बघायची. त्यात डोंगराएवढी बाई, अंगावर नावापुरते कपडे, आणि तिच्या मुठीत अंगठ्याएवढा तो. मी कळवलं, वेडा आहे, ब्लॉक कर. तुझा उलटा निरोप, "डोंगराएवढी बाई? मना जमंल."

आणि जमलं. ती सावित्री नदीत न्हाऊन आलेली आणि कुडपणच्या पठारावर बसून केस वाळवणारी बाई, शालू, ते चित्र अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. तिच्या केसांचं पाणी खालच्या भातात ठिबकत होतं. तिचा चेहरा बघितला आणि मी खुर्चीतून पडायची बाकी राहिले. आपल्या शाळेतल्या पी.टी.च्या बाई! त्याच मिशीच्या बारीक रेघेसकट. त्यांच्या शिट्टीला आपण किती भ्यायचो. आता त्या एका गोऱ्या माणसाला चिमटीत धरून ओरडत होत्या. मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्या गिऱ्हाइकाचं नाव आपण बर्फवाला ठेवलं.

बर्फवाल्याने नंतर लिहिलं होतं, ही गोष्ट मी आयुष्यात कुणाला सांगितली नव्हती, तुम्ही हसला नाहीत. आपण हसलो होतो, पण त्याला नाही. तू म्हणालीस, "घाबरट मानसं हायत गो ही, तुझ्यासारखी. कुनी मोठ्ठं मानूस येऊन मुठीत घेईल, मंग आपल्याला काय करावं लागनार नाय, असं वाटतं त्यांना." त्या दिवसापासून माझी किळस गेली. मागणारा जाणता, काढणारी जाणती, कागदावरची बाई तर डोंगराएवढी. यात कुणाचं काय जातं? असं मी तेव्हा म्हणत होते आणि आजही त्या भागाबद्दल माझं तेच म्हणणं आहे. मनातल्या हौसेचा दोष नाही. ती हौस कुणाच्या अंगावर चढवायची, तिथे सगळं बिनसलं.

तुझं काम करायची रीतच तशी होती. तुझ्या वडिलांनी शिकवलं होतं, समोर माणूस बसल्याशिवाय चेहऱ्याची रेघ मारायची नाही. देवळाच्या भिंतीवरचा राक्षससुद्धा त्यांनी आपल्या पोस्टमनला समोर बसवून काढला होता. त्यामुळे तुझ्या कथांतला प्रत्येक चेहरा इथल्या कुणाचातरी होता. एस.टी.तली कंडक्टर, मेडिकलवाल्याची सून, महाडच्या बाजारातली नारळवाली. कोणी ओळखणार नाही, कारण बघणारे समुद्रापलीकडचे, असं आपण एकमेकींना सांगायचो.

मग टोपीवाला आला.

त्याचं पत्र मी अजून ठेवलंय. एक गोरा साहेब टोपी घालून जंगलात शिरतो आणि तिथे त्याला रानटी राक्षसीण सापडते. काळी कुळकुळीत, अंगावर पानं, केसात हाड खोवलेलं, माणसं खाणारी, भाषा धड न येणारी. आफ्रिकेतली, ॲमेझॉनमधली, कुठलीही चालेल, असं त्याने लिहिलं होतं. कुठलीही चालेल. ते वाक्य मीच मराठीत करून तुला दिलं आणि पुढे गेले. बर्फवाल्याच्या गोष्टीला तू पन्नास प्रश्न विचारले होतेस. या गोष्टीला एकही विचारला नाहीस. म्हणालीस, "कळलं. सोंग हाय."

आणि मलाही लगेच कळलं, शालू. त्याचीच मला आता भीती वाटते. समुद्रापलीकडच्या टोपीवाल्याने मागितलेली बाई आपल्या दोघींना कुणी समजावून सांगावी लागली नाही. ती आपल्या कापड्यात दर शिमग्याला पालखी टेकते त्या सहाणेवर नाचायची. तुझे वडील तव्याची काजळी खोबरेल तेलात कालवायचे आणि गावातल्या एखाद्या उंच बाप्याच्या तोंडाला, हातापायांना फासायचे. कमरेला आंब्याची डहाळी, गळ्यात शिंपल्यांची माळ, डोक्यात पिसं. कातकरणीचं सोंग. तो बाप्या वेडेवाकडे हातवारे करत पोरांच्या अंगावर धावायचा, "खाऊ काय तुना?" आणि सगळा गाव खदाखदा हसायचा. तू वडिलांच्या हाताखाली काजळीची वाटी धरून उभी असायचीस. मी आजोबांच्या मांडीत तोंड लपवायचे आणि बोटांच्या फटीतून बघायचे. खाली बांधावर खरी कातकरी माणसं उभी राहून ते बघत असायची.

"ती पन हसायची की," असं तू म्हणालीस, आपलं भांडण झालं तेव्हा. मी म्हटलं, हसायची, की आपण हसतोय म्हणून दात दाखवायची? तू ब्रश पाण्यात बुडवून बराच वेळ ढवळत राहिलीस.

पण भांडण नंतरचं. त्याआधी तो रविवार झाला होता. मी महाडहून सकाळच्या गाडीने आले तर तुझ्या खोलीत कातकरवाडीतली मंगळी पाटावर बसलेली. शेजारी विकायला आणलेल्या खेकड्यांची, चिंबोऱ्यांची पाटी, वर ओला फडका. तू तिला चहा दिला होतास, बशीत बेकरीतले बटर दिले होतेस, आणि मांडीवर कागद घेऊन तिला काढत होतीस. हनुवटीवरचे तीन ठिपके, उजव्या भुवईवर तिच्या आजीने सुईने गोंदलेली चंद्रकोर, जरा तिरकी. मंगळी लेकीचं सांगत होती. लेक पनवेलला नर्सिंगच्या कामाला लागली होती. "पांढरी साडी नाय गो, आता पँट घालतात. मोठा फोन घेतलाय तिनी. दिसभर बघते त्यात कायबाय." हे सांगताना ती जी हसली, ते हसू तू नेमकं पकडलंस. मीही पाटाशेजारी बसून बटर खाल्ले. आणि शालू, मला ठाऊक होतं हा चेहरा कुठे जाणार आहे. टोपीवाल्याचं पत्र मीच तीन दिवसांपूर्वी वाचून दाखवलं होतं. मला माहीत नव्हतं असं कुठल्याही पोलिसापुढे मी म्हणू शकते, तुझ्यापुढे नाही म्हणू शकत.

त्याला फुग्यांतले संवाद मोडक्या इंग्रजीत हवे होते. रानटी बाई, तिला नीट कसं बोलता येईल? तेही मीच लिहिले. 'इज' आणि 'आर' चुकलं म्हणून मी पोरांना बाकावर उभं करते. चवदार तळ्यावर दर मार्चला आमची मुलं भाषणं करतात, समता, माणुसकी, ती सगळी मी लिहून देते. आणि त्याच टेबलावर, त्याच लाल पेनाने मी चाळीस पानांसाठी चुकीचं इंग्रजी लिहिलं. नीट चुकावं म्हणून मेहनत घेतली. मी तेव्हा मंगळीच्या बोलण्याची लय कानात धरली होती, हे तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

टोपीवाला खूश झाला. आणखी भाग मागितले. तू पुढचे काढायला घेतलेस. तेव्हापासून स्टाफरूममध्ये कुणी फोनकडे बघून हसलं की मी उठून बाहेर जायचे. हेडमास्तरांनी हाक मारली की वाटायचं, आलं. मी तुझ्याकडे आले आणि म्हटलं, मंगळीचा चेहरा काढून टाक. तू म्हणालीस, "पी.टी.च्या बाईंचा घेतला तवा हसलीस ना? नारळवालीचा घेतला तवा हसलीस. आता रडतेस." मी म्हटलं, पी.टी.च्या बाईंना कळलं तर त्या येऊन आपल्या कानाखाली वाजवतील. नारळवाली चारचौघांत आपले वाभाडे काढील. मंगळीला कळलं तर ती काय करील? तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "म्हनून तर मी तिला घेतली, असं म्हनायचंय का तुला?"

मी म्हटलं, हो.

तुला लागलं. मला दिसलं ते. तू म्हणालीस, "ती सुंदर हाय म्हनून घेतली. डोंगराएवढी काढायला तेवढा चेहरा लागतो." मी म्हटलं, सुंदर आहे तर केसात हाड का? तू म्हणालीस, "त्यानं मागितलं." मी म्हटलं, त्याने कुठलीही चालेल म्हटलं होतं, आपण आपल्याच वाडीतली दिली. मग तू शिमग्यावर आलीस. शिमग्यात काय वाट्टेल ते बोलतात, दुसऱ्या दिवशी धूळवड झाली की मिटलं. मी म्हटलं, बाई, शिमगा गेला तरी कवित्व राहतं, आणि हा शिमगा तर इंटरनेटवरचा, याची धूळवड कधी येणारच नाही. "मंग चेहरा कुनाचा घालू? समोर बसल्याबिगर मना काडता येत नाय. माझा घालू?" घाल ना, मी म्हटलं आणि चपला अडकवल्या. कधी नव्हे ते तू मला स्टँडपर्यंत सोडायला आली नाहीस.

दोन महिने आपण बोललो नाही. बेचाळीस वर्षांची मैत्री आणि दोन महिने अबोला. मग एका दुपारी तुझा निरोप आला. "चेहरा बदलला. ये बघायला." मी वर्गात होते. नुसता अंगठा पाठवला. मनात म्हटलं, जरा ताणू दे तिलाही, रविवारी जाऊ. तो रविवार गेला, पुढचाही गेला. त्यानंतरच्या गुरुवारी तू चुलीवर आधण ठेवून गेलीस. माझ्याकडून तुला गेलेला शेवटचा शब्द म्हणजे तो अंगठा. शब्दसुद्धा नव्हे.

पंधराव्या दिवशी मी पोलादपूरला आले ती भावोजींना सांगायला, की तेराव्याला घरी नेलेला टॅब उघडत नाही, नाद सोडा. खोटं बोलायचं ठरवूनच आले होते. तुझ्या दारात मंगळी बसली होती, पाटी शेजारी ठेवून. मला बघून उठली. म्हणाली, "बाय, शालूबायनी माजा फोटू काडला व्हता, हातानी. दुपारपरत बसवला व्हता मना. देते देते बोलली. तो हाय का गो?" ती म्हणाली, "घरात माजा फोटू नाय एकपन. आधारवरचा हाय, त्यात मी मेल्यासारी दिसते. लेकीचं लगीन ठरलंय. ती बोलली, आये, तुजा एक फोटू मांडवात लावू." मग हळूच, "शालूबाय गेली तवा मी दोन दिस पाटी उचलली नाय."

बघते हं, एवढंच मी म्हणाले. तिच्या पाटीतल्या चिंबोऱ्या फडक्याखाली सरसर करत होत्या.

भावोजींनी तुझं कपाट उघडून दिलं. "कागद असतील ते तुमच्या कामाचे, न्या." जुन्या कॅलेंडरांच्या गुंडाळीत तो मिळाला. शालू, काय काढलंयस गो. ना पानं, ना हाड. पाटावर बसलेली, चहाची बशी हातात धरलेली आणि लेकीच्या पँटचं सांगताना हसणारी मंगळी. तुझ्या हातून याहून चांगलं काही झालं नाही.

तो कागद घेऊन मी महाडला आले आणि गॅसपाशी उभी राहिले. खरंच उभी राहिले, बटण फिरवलं होतं. हा कागद मांडवात लागला, शे-दोनशे माणसांनी बघितला, त्यातल्या एका तरण्या बाप्याने ते दुसरं कुठेतरी फोनवर बघितलेलं असलं, तर? तीच चंद्रकोर, तेच तीन ठिपके. हा कागद जाळला तर कुणालाच काही सिद्ध करता येणार नाही. माझी नोकरी राहील, भावोजींचं कात्रण राहील, तुझं नाव राहील. मंगळीकडे मात्र आधार कार्डावरची मेलेली मंगळी तेवढी राहील, आणि जगात दुसरीकडे ती पानं नेसलेली. मी गॅस बंद केला. धीट झाले म्हणून नाही. तुझी रेघ जाळवेना.

मग दुपारी दार लावून टॅब उघडला. लॉक तोच होता, बोटाने ओढायचा, पी.टी.च्या बाईंच्या शिट्टीच्या आकाराचा. शेवटचा, अर्धवट राहिलेला भाग मी आधी उघडला. राक्षसिणीचा चेहरा बदलला होतास. आरसा समोर ठेवून काढला असशील, कारण भुवईतली ती लहानपणची खोक उलट्या बाजूला आलीय. तू. झाडांच्या शेंड्यांवरून वाकून बघणारी तू. आणि तुझ्या मुठीत टोपीवाला नव्हताच. चष्मा, खांद्याला पर्स, हातात लाल पेन, डोळे गच्च मिटलेले. मुठीत मी होते.

मी हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसले आणि मग जे रडायचं राहिलं होतं ते सगळं एकदम आलं. पण शालू, भांडण मिटलं असं समजू नकोस. तू स्वतःचा चेहरा घातलास, पण त्याला काजळी फासलीसच. अंगावर पानं ठेवलीस, केसातलं हाड ठेवलंस. आपण स्वतःचं तोंड काळं करून उभं राहिलो म्हणजे ते तिचं सोंग थांबत नाही गो, उलट तेच तर सोंग. वडिलांच्या वाटीतली काजळी तू स्वतःला लावलीस, एवढंच. हे तुला समोर बसून सांगायचं होतं. तू काहीतरी झोंबणारं बोलली असतीस आणि माझं उत्तर चुकलं असतं. त्या अंगठ्याऐवजी मी त्या दुपारीच गाडीत बसायला हवं होतं.

पुसून टाकायचं वचन मी पाळलं नाही. आधीचे चाळीस पानांचे भाग तर बाहेर गेलेलेच आहेत, ते कोण पुसणार? आणि इथले पुसायचे तर जिचा चेहरा आहे तिला विचारल्याशिवाय कसे पुसायचे? हे मला एकदा सुचलं आणि मग टाळता येईना.

काल रविवार होता. कापड्याच्या पुढे उतरून वाडीपर्यंत चालत गेले. पिशवीत कागद आणि टॅब. वाटेत दोनदा थांबले. एकदा तर परत फिरून सडकेपर्यंत आले. तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या, की तू सुटलीस.

मंगळी अंगणात जाळं नीट करत होती. मी कागद तिच्या हातात दिला. तिने हात लुगड्याला पुसले, कागद उन्हात धरला आणि बराच वेळ बघत राहिली. "ही हसते," ती म्हणाली. मग चंद्रकोरीवर बोट ठेवून, "आजीचा हात वाकडा व्हता, तेपन काडलाय बग." मला वाटलं, झालं, आता उठावं. तेवढ्यात तिने विचारलं, "आनी कुटं काडलाय का माजा?" सहज विचारलं तिने. अजून एखादा असला तर लेकीला पाठवता येईल म्हणून.

शालू, मी हो म्हणाले.

सगळं सांगितलं. कोण मागतं, कशासाठी मागतं, तिला केवढी काढलीय. ती ऐकत होती आणि जाळ्याची गाठ बोटांनी दाबत होती. "कापडं?" तिने विचारलं. पानं, मी म्हटलं. तिने मान फिरवली. "शिमग्यासारी," ती म्हणाली. मी मान हलवली. "लेक बगंल माजी." बघेलही कदाचित, मी म्हटलं. "मंग?" तिने विचारलं. ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं, आणि तेवढं तरी तिने मला का द्यावं?

मग म्हणाली, "दाव."

त्यातल्या त्यात झाकलेलं पान मी शोधलं. नुसता चेहरा, डोंगराच्या वर, ढगांमध्ये. मागे आपलं कुडपणचं पठार. मंगळीने कागद मांडीवर ठेवून टॅब दोन्ही हातांनी धरला. स्वतःला बघितलं. मग तोंडाजवळच्या पांढऱ्या फुग्यावर बोट ठेवलं. "हितं काय लिवलंय? मी काय बोलते?"

ते शब्द तुझे नव्हते, शालू. चेहरा तू घेतलास, शब्द माझे. माझ्या लाल पेनाचे. मी म्हटलं, तू म्हणतेस, मला भूक. तू लहान. मी खाणार.

"आनी?"

एवढंच, मी म्हटलं.

"फुडच्या पानावं?"

तिथेही तेच.

तिने टॅब माझ्या मांडीवर ठेवला. तुझा कागद मात्र सोडला नाही. पठाराकडे बघत म्हणाली, "डोंगरायेवडी केलीत मना. आनी बोलाया येवडंच दिलंत?"